ताईच्या पाठीवर

माझ्या थोरल्या बहिणीची, शोर्मेताईची, पाठ चांगली रुंद आहे. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. तिची पोरं शाळेत जायला लागली, पाठ रिकामी झाली, आणि रिकाम्या पाठीने तिला चैन पडत नाही. मग ती माझी पोरं उचलते.

मला जुळे मुलगे. थोरला ओको, धाकटा आक्वेते. आमच्या अक्रा शहराच्या किनाऱ्यावर जुळ्यांचं सगळं सारखं करावं लागतं. एकाला सदरा शिवला की दुसऱ्याला तस्साच, एकाला माशाचा तुकडा दिला की दुसऱ्याला तेवढाच. नाहीतर डावललेला रुसतो, आणि जुळ्याचं रुसणं साधं नसतं, तो आला तसा जगातून निघून जातो. आई हे माझ्या कानीकपाळी ओरडत असते. आम्ही दोघी बहिणी आईच्याच घरात राहतो. माझा नवरा लांते आमच्या रीतीप्रमाणे पुरुषांच्या घरात, हाकेच्या अंतरावर.

आणि अशात ओकोला प्लास्टर चढलं.

बसायला लागला तेव्हापासून ओको डावीकडे कलायचा. डाव्या फासळ्या मागून फुगलेल्या. डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "लामिले, ऑपरेशन नको. हाड कोवळं आहे, पोर भराभर वाढतंय. आपण त्याला सरळ धरून ठेवायचं, म्हणजे वाढता वाढता कणा आपला आपणच सरळ होईल. पण मध्ये सोडलंस, तर केलेलं सगळं पाण्यात. मग मोठेपणी चाकूच."

मग ओकोला झोपेचं औषध देऊन चौकटीवर ताणला, पीळ उलगडावा तसा फिरवला आणि खांद्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये बसवला. पोटावर एक खिडकी कापली, जेवल्यावर पोट फुगायला आणि श्वासाला. दर दोनेक महिन्यांनी जुनं काढून नवं घालायचं.

आईने कपाळाला हात लावला. "एकाला पांढरा सदरा आणि दुसरा उघडा? आक्वेते जळेल गं!" तिने मैद्याच्या पोत्याची बंडी शिवून आक्वेतेला घातली. तरी तो ओकोच्या प्लास्टरला चावायचाच. "जळतोय बघ," आई म्हणायची.

जळत होते मी.

ओकोला आंघोळ नाही, नुसतं पुसायचं. प्लास्टरच्या कडेने कातडी सोलवटली का बघायचं, खिडकीतून केंकीचे, म्हणजे मक्याच्या आंबट उंड्यांचे, कण आत गेले का बघायचं. माझे दोन्ही हात त्याच्यात. मग आक्वेते कुठे? ताईच्या पाठीवर. मी अंगणात केंकीचं आंबलेलं पीठ घोटत बसायचे आणि समोरून ही बया जायची, आणि तिच्या पाठीला गाल चिकटवून माझं पोर झोपलेलं. एके दिवशी त्याने तिला "आई" म्हटलं.

ताई हसली. "अगं, लेकरू आहे. म्हणेना का!"

म्हणेना का? माझ्या हातातलं लाकडी घोटणं मी पातेल्यावर आपटलं.

मग मला एक युक्ती सुचली. मी गोड आवाजात म्हटलं, "ताई, एकाला पाठ मिळते तर दुसऱ्यालाही मिळायला हवी. नाहीतर ओको रुसायचा."

प्लास्टरमधलं पोर पाठीवर बांधता येत नाही, असं मी धरूनच चालले होते. मोडेल, चेपेल. मी कधी बांधून पाहिलं नव्हतं, तो आपला कायम माझ्या कडेवर. ताई त्या ओंडक्याकडे एकदा बघेल, हात टेकेल आणि मुकाट्याने आक्वेतेही परत करेल, असा माझा हिशेब.

ताईने कमरेच्या कापडाला हात पुसले. "आण इकडे."

ती वाकली, ओकोला पाठीवर सरकवलं, कापड टाकलं आणि छातीवर गाठ मारली. ओको तिच्या खांद्यांच्या वर डोकं काढून बसला. "अगं आई, बघ," ताई ओरडली, "सरदार बसलाय पालखीत! कसा ताठ!" अंगणातल्या साऱ्या बायका हसल्या. थोड्या वेळाने सरदार झोपले. माझ्या कडेवर तो कधी झोपला नव्हता.

आता सकाळी आक्वेते, दुपारी ओको, अगदी सारखं. आणि मी केंकीच्या पातेल्यापाशी.

एकदा ताई आंघोळ करून आली तेव्हा तिच्या पाठीवर प्लास्टरच्या कडेचे लाल वळ दिसले. मला बरं वाटलं. पण ती त्यावर एक शब्द बोलली नाही, म्हणून पुन्हा आग लागली.

प्लास्टर बदलायचा दिवस मंगळवारी आला. मंगळवारी आमचे कोळी समुद्रात जात नाहीत, म्हणून लांतेही बरोबर आला. करवतीने जुनं प्लास्टर कापलं. आत ओको, काडीसारखा, कोंडा धरलेला. मी त्याला आंघोळ घातली, बऱ्याच दिवसांनी, माझ्या हाताने. फोटो बघून डॉक्टरीणबाई खूश. "अर्धा बाक गेलाय! आता नवं प्लास्टर दुपारी. झोपेचं औषध द्यायचंय, तोवर दूध पाजू नकोस हं."

लांते खायला गेला. ओको भुकेने रडायला लागला. मी कापड काढलं आणि त्याला पाठीवर बांधलं.

उघडं, ऊन अंग. तो पाठीत रुतला, गाल टेकला आणि गप्प झाला. माझा. दुसऱ्या कुणाचा नाही. दवाखान्याचं फाटक उघडं होतं. बाहेर आमच्या किनाऱ्याकडे जाणारी मिनीबस उभी होती. अर्धा बाक गेलाय ना? अर्धा पुष्कळ झाला. असाच घेऊन अंगणात शिरते, मऊ पोर पाठीवर, आणि बघू दे ताईला. मी फाटक ओलांडलं. बसच्या पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात ओको डावीकडे कलला.

मी कापड ओढून त्याला वर घेतलं. तो पुन्हा कलला. मागे हात नेऊन सावरलं, तर फुगलेल्या डाव्या फासळ्या हाताला लागल्या, पूर्वी लागायच्या तशाच, थोड्या कमी. ताईच्या पाठीवर हाच पोरगा सरदारासारखा बसायचा. तिला सरळ ओको, आणि मला वाकडा? का म्हणून? मी काय कमी वेणा सोसल्या?

"बाई, चढताय का?" ड्रायव्हर ओरडला.

"नाही. माझं पोर अजून व्हायचंय," मी म्हटलं आणि मागे फिरले.

प्लास्टर घालणाऱ्याला मी दारातच गाठलं. "हे घालून पाठीवर बांधलं तर चालेल?"

"आज वाळू दे. उद्यापासून खुशाल बांध. तुला नको कोण म्हणालं?"

"कुणी नाही."

लांते खांबाला टेकून उभा होता. "म्हणजे तू इतके दिवस विचारलंच नव्हतंस?"

"तू गप्प बस."

रात्र दवाखान्यात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओकोला पाठीवर बांधून अंगणात शिरले. बसथांब्यापासून घरापर्यंत प्लास्टरची कड माझ्या खांद्याखाली रुतत होती. ताईने काय सोसलं ते कळत होतं, पण ते तिला सांगणार नव्हते. आक्वेतेला पाठीवर घेऊन ती पुढे आली, हात पसरून.

"आण. दमली असशील."

"नाही."

"अगं, लागेल तुला."

"लागू दे. मागे जा आणि बघ, सरळ बसलाय का. मला दिसत नाही."

ताई वळसा घालून मागे गेली. मग हळूच म्हणाली, "आधीपेक्षाही सरळ बसलाय गं." आवाज जरा उतरला होता. तिचे हात अजून पुढेच होते.

इतक्यात तिच्या पाठीवर आक्वेते धडपडायला लागला. त्याने ओकोला पाहिलं होतं, माझ्या पाठीवर. कापडातून हात काढून तो माझ्याकडे झेपावला, ताईचे केस ओढले, "आई! आई!" करून भोकाड पसरलं. या वेळी तो माझ्याकडे बघून म्हणत होता.

"बघ, जळला!" आई ओट्यावरून ओरडली. "घे त्याला, लामिले!"

"घेते," मी म्हटलं. "जळू दे जरा." आणि ओकोला घेऊन अंगणात आणखी एक फेरी मारली.