नेलपॉलिशचा ठिपका

आमचा दादा म्हणजे दीडशहाणा माणूस. जन्मात कधी स्वतःच्या गाडीचं चाक बदललं नाही, पण बाबांच्या जुन्या गाडीसमोर कमरेवर हात ठेवून निदान सांगायला हजर. "ईसीयू गेलाय," म्हणाला. "इंजिनाचा मेंदूच तो. आता मिळायचा नाही. भंगारात देऊन टाक."

भंगारात म्हणे! आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गाडी रस्त्यात बंद पडायला लागल्यापासून आम्ही दोघी बसने जात होतो. परतताना आई थांब्यावरच्या खांबाला धरून उभी राहायची. "चार दिवस तुझी गाडी दे," म्हटलं, तर "मला ऑफिस असतं गं!"

गाडीही ह्याची तीच, त्याच मॉडेलची. बाबांनी घेतली म्हणून ह्यानेही जुनी हुडकून आणली. स्वतःची अक्कल कधी चालवली असेल तर शपथ.

शेवटी मीच गाडी ओढून इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं, स्क्रू काढले आणि पत्र्याची चपटी डबी माझ्या हातात दिली. "हाच ईसीयू. पाणी शिरलंय ह्यात. असाच दुसरा शोधावा लागेल."

मी डबी उलटी केली, सुलटी केली. लाल ठिपका कुठेच नव्हता.

बाबा महासंशयी. गॅरेजवाले पार्ट बदलतात म्हणून बॅटरीपासून जॅकपर्यंत सगळ्यावर आईच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. आम्ही त्यावरून त्यांची टर उडवायचो. आणि बाबा गेल्यापासून गाडी माझ्याशिवाय एकानेच नेली होती. गेल्या महिन्यात, "ऑइल बदलून आणतो" म्हणत, दादाने. आईने तेव्हा त्याचं कोण कौतुक केलं होतं!

इलेक्ट्रिशियनला घेऊन मी तडक दादाचं घर गाठलं. वहिनीने मुकाट्याने चावी दिली. दादा बाहेर येईपर्यंत त्याच्या गाडीतली डबी निघाली होती. कोपऱ्यात ठिपका, लालभडक.

"अगं, सांगणारच होतो," दादा म्हणाला. लाज नाही, काही नाही. "माझी गाडी सारखी बंद पडायची. आणि तुम्हा दोघींना असं कुठे जायचं असतं?"

"दवाखान्यात," मी म्हटलं. "तुझ्या आईला घेऊन."

पाणी शिरलेली डबी त्याच्या हातात कोंबली आणि निघाले. असल्या माणसाशी भांडायचं म्हणजे आपलंच तोंड विटाळायचं.

बाबांचा ईसीयू बसवल्यावर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघाले आणि वाटेत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता तरी आई लेकाला एक शिवी हासडेल.

"मग तो आता ऑफिसला कसा जाईल गं?" ती म्हणाली.

"बसने," मी म्हटलं. "थांब्यावर खांब आहे धरायला."