रानमटकीचा गोल

"कोंडिराम, खरं सांग, टँकरचं पाणी इकडे वळवतोस ना?"

गुरुदत्त साहेबांनी बुटाचं टोक वेलीत खुपसलं. कोंडिराम कंपनीचा माळी. त्यानं नकारार्थी मान हलवली. पाणी त्यानं घातलंच नव्हतं.

बहात्तर साल. पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. चिंचवडच्या त्या कारखान्यात कँटीनला प्यायला पाणी पुरत नव्हतं, तिथं बागेला कोण विचारतो? विलायती गवतानं आणि गुलाबांनी माना टाकल्या. बाग बोडकी दिसते म्हणून साहेब कावले, तेव्हा कोंडिरामनं पुनावळ्याच्या माळावरून रानमटकीच्या शेंगा आणून बी फेकलं. ही बया दवावर जगते. उगवली, पण किडमिडी, विरळ. कुंपणाजवळ एका जागी मात्र अशी माजली की बघणाऱ्यानं दचकावं. दोरी धरून आखल्यासारखा गोल. वेली बाहेर पसरायच्या सोडून आत वळलेल्या, सगळे शेंडे मधल्या जागेकडे. भर दुपारी इतर पानं मिटून घ्यायची, ही टक्क उघडी. हात लावला तर गार. बाकीचे माळी तिथे डबा खायला बसेनात.

"खाली पाणी असणार," साहेब खुशीत म्हणाले. "सोमवारपासून इथेच विहीर खोदायची."

इथे विहीर होतीच, कोंडिरामच्या बापजाद्यांची. कारखान्यासाठी जमीन गेली तेव्हा यंत्रानं ती बुजवली, आणि त्याच दिवसापासून थोरला भाऊ भैरू नाहीसा झाला. कुणीतरी म्हणालं, कासारवाडी स्टेशनात गाठोडं घेऊन बसलेला दिसला. ते कोंडिरामनं घट्ट धरून ठेवलं. भैरू मुंबईला गेलाय, आज ना उद्या येईल. भैरूची बायको शालनबाई अजून कपाळभर कुंकू लावायची. जमिनीतून नको ते निघालं तर ते पुसलं जाणार होतं, आणि तेही कोंडिरामच्या पेरणीपायी.

रविवारी सुट्टी असून तो बागेत आला. हा गोलच दिसला नाही तर साहेब दुसरीकडे खोदतील, असा त्याचा भाबडा हिशेब. त्यानं एक वेल धरून ओढली. मूळ हातभर वर आलं, आणखी हातभर आलं, तरी संपेना. मग ते अडलं. त्यानं जोर लावला, तर खालूनही कुणी हिसका दिल्यासारखं झालं. त्यानं हात सोडला.

"भावजी, सुट्टीचं काय करताय हितं?"

शालनबाई भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. फाटकावरचा राखणदार गावचाच, त्यानं सोडलं.

"तण लई माजलंय, वैनी."

ती गोलाकडे बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं इथंच पाणी शेंदलं होतं. तिला जागा सांगायला नको होती.

"खोदणार हायती व्हय?"

"मी खोदू देत न्हाई. दादा मुंबईला हाय. तुमी घरी जावा."

"भावजी, त्या दिवशी त्यांच्या वहाणा हिरीच्या काठावर व्हत्या. मीच पदराखाली घालून घरी आणल्या."

कोंडिराम तिच्याकडे वळला.

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाई?"

"तुमी म्हणाला, दादा मुंबईला गेला. त्या दिवशी सासूबाई चार घास जेवल्या. तुमीबी जेवला. मी काय बोलू? ह्ये कुंकू तुमच्यासाठी लावत आले, भावजी."

आपण हिला जपतोय, असं तो इतकी वर्षं समजत होता.

"खोदू द्या त्यास्नी," ती म्हणाली. "वर येऊ द्या माणूस."

त्या वर्षी पाहुण्यालाही कुणी भरला तांब्या देत नसे. शालनबाई वेली न तुडवता आत गेली, शेंडे वळले होते तिथे उकिडवी बसली आणि पाण्याची धार धरली. पाणी पसरलं नाही. खालून कुणी घटाघटा घोट घ्यावेत, तसं ते आत जात राहिलं.

शालनबाईनं धार जरा बारीक केली.

"सावकास प्या," ती म्हणाली.