तुसात पुरलेला डबा

मला राग पटकन येतो, आणि आला की मी आधी बोलते, मग विचार करते. २००७ च्या एप्रिलमध्ये या सवयीपायी मी सुकरामभाऊंची नोकरी घालवायला निघाले होते.

सुकरामभाऊ आमच्या गोंदियाच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. वयाने माझ्याहून मोठे. जवळच्या मुर्री गावाहून सायकलने यायचे. नऊ वर्षं झाली तरी तात्पुरतेच. विभागप्रमुख म्हणून मी शेरा दिला की पुढच्या वर्षाची नेमणूक व्हायची.

त्या वर्षी मी हट्टाने मुलांसाठी एक एन्झाइम मागवलं होतं. ते डीएनए कापतं, पण वाटेल तिथे नाही. डीएनएच्या लांबलचक माळेत जी, ए, टी, सी ही चार अक्षरं ओळीने आली की तिथेच. जिवाणूकडे ही कात्री जन्मजात असते. बाहेरून विषाणूचा डीएनए आत घुसला की जिवाणू तिने त्याचे तुकडे पाडतो. माणसांनी तीच कात्री उचलली आणि एका जीवाचं जनुक कापून दुसऱ्यात बसवायला सुरुवात केली. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवायचे. यंदा पोरांना डोळ्यांनी दाखवायचं होतं.

हे एन्झाइम थंडच ठेवावं लागतं, म्हणून ते आणायला सुकरामभाऊंना बर्फाचा डबा देऊन नागपूरला पाठवलं. येताना त्यांची पॅसेंजर तिरोड्याला तीन तास अडकली. संध्याकाळी ते आले ते खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यात धानाचं तूस आणि तुसात पुरलेला माझा थर्मोकोलचा डबा. झाकण उघडलं तर आतही तूस सांडलं. माझं डोकंच फिरलं. एन्झाइमची कुपी तेवढी उचलून फ्रीजरमध्ये ठेवली आणि बाकी सगळं फेकून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोग फसला. डीएनए कापला गेला असता तर जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या पातळ वडीवर, वेगवेगळ्या रेघा दिसल्या असत्या. आमचा डीएनए होता तसाच अखंड. मी मुलांसमोर सुकरामभाऊंना अरे-तुरे केलं. राईस मिलमधला कचरा माझ्या एन्झाइमवर ओतलास, असं मी म्हणाले. ते एवढंच बोलले, "बर्फ तसाच होता न जी, म्याडम." मी ऐकून घेतलं नाही. माणूस निष्काळजी आहे, पुढच्या वर्षी नेमणूक नको, असं पत्र लिहून ऑफिसात देऊन आले.

दोन दिवसांनी फ्रीजर उघडला तर माझ्या कुपीशेजारी आणखी एक लहान कुपी होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. विचारलं, तर सुकरामभाऊंनी डबा फेकण्याआधी तूस चाळून बघितलं होतं, त्यात ही दोन्ही सापडली. कागद इंग्रजीत, त्यांना वाचता येईना, पण माझ्या कामाचा असेल म्हणून दोन्ही ठेवून दिलं.

तो कंपनीचा सूचनांचा कागद होता. वाचता वाचता माझे कान तापले. जिवाणू आपल्याच कात्रीने आपलाच डीएनए कापत नाही, कारण तो आपल्या डीएनएवर त्या अक्षरांपाशी एक रासायनिक खूण करून ठेवतो. आम्ही वापरलेला डीएनए आमच्याच प्रयोगशाळेत ज्या जिवाणूत वाढवला होता, तोही नेमक्या त्याच चार अक्षरांवर खूण करतो. खूण दिसली की हे एन्झाइम हात लावत नाही. हेही मी फळ्यावर शिकवत आले होते, आणि मागवताना विसरले होते. लहान कुपीत कंपनीने पडताळणीसाठी दिलेला बिनखुणेचा डीएनए होता.

मुलांना बोलावून त्यात एन्झाइम घातलं, तासभर कोमट पाण्यात ठेवलं, जेलवर चढवलं. रेघा स्पष्ट उमटल्या. एन्झाइम ठणठणीत होतं. बर्फवाले लाद्या तुसात ठेवतात, म्हणजे बर्फ लवकर वितळत नाही. सुकरामभाऊंनी भर उन्हात गाडीतून उतरून, स्टेशनजवळच्या मिलमधून तूस मागून आणलं होतं. त्या तुसानेच एन्झाइम वाचलं होतं.

मुलांसमोर बोलले होते, म्हणून मुलांसमोरच माफी मागितली. चूक माझी होती, असं मी म्हणाले, आणि जिवाणूच्या त्या खुणेचं सगळं सांगितलं.

सुकरामभाऊ नळ्या धूत होते. त्यांनी नळ बंद केला.

"एवढासा जीव तो, त्याले डोळे बी नाही," ते शांतपणे म्हणाले. "तरी आपलं कोनतं ते ओळखून राहिला. म्या नऊ सालं तुमच्यासमोर हावो, म्याडम. तुमी मले नाही ओळखलं."

मला फार लाज वाटली. तशीच ऑफिसात गेले. माझं पत्र अजून प्राचार्यांपुढे गेलं नव्हतं. ते परत घेतलं आणि दुसरं लिहिलं: एन्झाइम खराब नव्हतं, मी चुकीचं मागवलं होतं, सुकरामभाऊंची नेमणूक पुढे चालू ठेवावी. देण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुसाचं बी लिहा न जी," ते म्हणाले.

मी तुसाचंही लिहिलं.