रटाळ मी नव्हतो!

हो, मी स्पीकरच बोलतोय. बाईंच्या पलंगाशेजारच्या स्टुलावरचा, ओंजळीत मावेल एवढा, काळा. आजवर दुसऱ्यांचंच बोललो, आज माझं ऐका. या घरात माझ्यावर नाही तो आळ आला होता आणि तो मुकाट्याने सोसणाऱ्यांतला मी नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका मुलीने मला कानाशी धरून तपासलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. म्हणजे माझ्यात खोट नाही, हे तेव्हाच ठरलेलं आहे. पुढे दुकानातून मला बाईंच्या मुलाने घरी आणलं.

बाई निवृत्त स्टेनो. साहेबांनी भराभर बोलत सुटायचं आणि बाईंनी लघुलिपीत उतरवून घ्यायचं, यातच सगळी नोकरी गेली. वाचनाचं वेड भारी, पण खऱ्याखुऱ्या गोष्टींचं. प्रवास, चरित्रं, शोध, लढाया. कुणी कादंबरी पुढे केली की म्हणायच्या, "खोटं कशाला वाचू? ऑफिसात पुष्कळ ऐकलंय."

मग डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. बाई पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून बसायला लागल्या. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मुलगा घाबरला आणि माझी नेमणूक झाली.

मुलगा शाळेत गणित शिकवतो. गुणी आहे, उगाच खोटं का बोलू? रोज फोनवर ऐकायची पुस्तकं धुंडाळायचा. "आई, हे बघ, समुद्रातल्या मोहिमेचं आहे." मी सुरू व्हायचो. जरा वेळाने बाईंचा हात वर. "बंद कर. हा माणूस जांभया देत वाचतोय." मग एका डॉक्टरीणबाईंचं आत्मचरित्र आलं. "हिला आधी झोपू दे, मग ऐकू." मग मधमाश्यांवरचं. "हे संपेपर्यंत मधमाश्या मरतील."

"आई, तुला काही म्हणजे काही आवडत नाही!"

"मग नका आणू. मला नकोच आहे." आणि तोंड भिंतीकडे.

शेवटी खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं? माझ्या! "स्पीकरच भिकार आहे. उद्या परत करून टाकतो," मुलगा म्हणाला. वा रे वा! नाचता येईना, अंगण वाकडं!

खरं कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने फोनमध्ये वाचनाचा वेग कमी करून ठेवला होता. आईला झेपावं म्हणून! चांगले चांगले वाचणारे माझ्यातून रेंगाळत, शब्द ताणत बाहेर पडायचे. आणि एकट्या माझ्यातूनच नाही हं. बाईंची नजर गेल्यापासून घरातले सगळेच त्यांच्याशी तसं बोलायला लागले होते. मोठ्याने, सुटं सुटं. "आई... पाणी... ठेवलंय." माझा नुसता संताप व्हायचा. पण सांगणार कसा? मला माझं स्वतःचं बोलता येत नव्हतं.

परत जायच्या आधी मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. तिथे सून भांडी घासत होती. ती प्रयोगशाळेत रक्त तपासते, सदा घाईत. तिने आपला फोन मला जोडला आणि एका शहराखालच्या गटारांचा इतिहास लावला. ड्युटी गाठायची असते, म्हणून ती ऐकते तेही वेग वाढवून. काय सांगू, मी सुसाट सुटलो!

आतून आवाज आला, "कोण बोलतंय ते?"

सुनेने घाईने मला बंद केलं. "सॉरी हं आई, गटारांचं आहे."

"मग बंद कशाला केलंस? लाव!"

भिंत चाचपत बाई आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मी पुन्हा सुरू झालो आणि त्यांचं बोट टेबलावर चालायला लागलं. तिरपी रेघ, बाक, टिंब. बाई लघुलिपीत लिहून घेत होत्या! मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

तेवढ्यात मुलगा आला. "अगं, एवढ्या वेगात आईला काय कळणार?" म्हणत त्याने मला थांबवलं.

बाईंनी शेवटचा अख्खा परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला, नळांच्या मापांसकट. मग म्हणाल्या, "डोळे गेलेत रे माझे, डोकं नाही. तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलता सगळे माझ्याशी."

मुलगा म्हणाला, "तुला त्रास होऊ नये म्हणून केलं गं."

"विचारायचं होतंस."

फोन काढून त्याने वेग वाढवत नेला, बाई "आणखी" म्हणत गेल्या तोवर.

बाईंचा चोखंदळपणा गेला असं मात्र समजू नका. कालच एका उद्योगपतीला पहिल्या प्रकरणात हाकलून दिलं. "स्वतःचीच टिमकी वाजवतोय मेला!" आता मुलगा विषय शोधतो, सून वाचणाऱ्याचा आवाज आधी ऐकून बघते आणि निकाल बाई देतात. जेवताना यावरून कडाक्याची भांडणं होतात. बाई मागून भात वाढून घेतात आणि पुन्हा भांडतात.

माझी जाळी आता चेपली आहे, चार्जही टिकत नाही. नव्या स्पीकरची बोलणी चालली आहेत. आणा खुशाल, मी रडणाऱ्यांतला नाही. पण त्याचा वेग ठरवण्याआधी, ज्याला ऐकायचंय त्याला विचारा. नाहीतर उद्या तुमचाही वेग कुणीतरी मायेने, तुम्हाला न विचारता कमी करेल. तेव्हा तुमच्या बाजूने भांडायला मी नसेन.