विहिरीजवळची वांगी

बोंडअळीच्या त्या वर्षी पुंडलिकने जेवता जेवता जाहीर केलं, की यंदा मारोतीचे रोडगे होणार नाहीत.

कापूस घरी आला की होळीच्या आधी एखाद्या शनिवारी आमच्या वावरातल्या मारोतीपुढे रोडगे होतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात भाजायचे, वरण करायचं आणि मोठी कढई भरून वांग्याची भाजी. वेचणाऱ्या बाया, सालदार, शेजारी, सगळे एका पंगतीत. वडिलांच्याही आधीपासून हे चालत आलेलं.

"कापूस अळीनं खाल्ला. पंगत कायची घालू? अळ्यायची?" पुंडलिक म्हणाला.

मी त्याचा थोरला भाऊ. नोकरी सगळी पांढरकवड्याच्या एका वाचनालयात झाली, निवृत्तीनंतर घाटंजीजवळच्या या घरी परत आलो. शेतीतलं मला कुणी विचारत नाही आणि ते बरोबरच आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज फुटत नाही. पण त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "वांगी मी देतो."

भाकरी वाढणारी इंदू, पुंडलिकची बायको, थांबून माझ्याकडे पाहू लागली.

पुंडलिक हसला. "भाऊ, वांगं झाडाले लागते, कपाटात नाही."

"मग विहिरीजवळची पट्टी दे. तिथली कापसाची पऱ्हाटी तू उपटलीच आहेस."

"कार्तिक सरला. लोकायची वांगी बाजारात येऊन राह्यली, अन् तू आता लावून राह्यला?" त्यानं हात धुतले. "ठीक आहे. होळीच्या आत कढई भरली तर रोडगे. नाही भरली तर पुन्हा या घरात रोडग्याचं नाव काढायचं नाही. कधीच नाही."

मी हो म्हणालो आणि लगेच पस्तावलो. नुसती यंदाची पंगत गेली असती, ती मी आता कायमची पणाला लावली होती.

घाटंजीच्या बाजारात रोपांच्या शेवटच्या जुड्या उरल्या होत्या, लांबुडक्या, माना टाकलेल्या. विकणारी बाई म्हणाली, "आजोबा, बकरीले नेता काय?" मी सगळ्या उचलल्या.

लावल्या खऱ्या, पण थंडी पडली आणि रोपं होती तिथेच राहिली. सालदार गडी बाबूसिंग रोज येता-जाता डोकवायचा. "भाऊ, झाडं तुमच्यावानी वाचत बसले काय? वाढूनच नाही राह्यले!"

संक्रांतीनंतर ऊन तापलं तशी झाडं उठली. मी आनंदात होतो, तोच एका सकाळी काही शेंडे मान मोडल्यासारखे लोंबताना दिसले. एक नखाने चिरला. आत अळी. तीही बोंडअळीसारखी गुलाबीच. पऱ्हाटीतली नव्हे, वांग्याची वेगळी.

वाचनालयात शेतीची मासिकं यायची. कुणी नेत नसे, म्हणून मीच वाचायचो. मलूल शेंडा अळीच्या खालून खुडावा आणि जाळून टाकावा, असं कुठेतरी वाचलेलं आठवत होतं. ते वांग्याबद्दलच होतं का? खात्री नव्हती. मला कशाचीच कधी खात्री नसते. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खुडायला बसलो. मग रोज सकाळी तेच. खुडलेले शेंडे विहिरीमागे काडी लावून जाळायचे.

एकदा पुंडलिकने पाहिलं. "भाऊ! झाडंच बोडकी करून राह्यला काय? थांब, पंप आणतो. एक फवारा मारू."

"नको."

"काहून नको?"

"पऱ्हाटीवर मारलेच होतेस की."

बोललो आणि जीभ चावली. तो पाठ फिरवून निघून गेला. बरेच दिवस तो पट्टीकडे फिरकला नाही. पण जिथे जिथे खुडलं होतं तिथे दोन-दोन फांद्या फुटल्या, जांभळी फुलं आली आणि पानांआड वांगी धरू लागली.

होळीआधीचा शेवटचा शनिवार आला. बाया तोडलेली वांगी आणि विळे घेऊन लिंबाखाली बसल्या. वांगं देठाशी धरून चार फाका करायच्या, आत बघायचं, चांगलं असेल तर पाण्यात टाकायचं. पुंडलिकने घरातलं सगळ्यात मोठं लोखंडी घमेलं आणून मधोमध आपटलं. "किडकी याच्यात टाका."

मला बघवेना. मी विहिरीमागे जाऊन उभा राहिलो. कान मात्र तिकडेच. पाण्यात वांगी पडत होती, डुबुक, डुबुक. मी घमेल्याच्या आवाजाची वाट बघत होतो. एकदा आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मग नुसतंच डुबुक, डुबुक, डुबुक.

"भाऊजी, तिकडे कायले लपले? इकडे या!" इंदू ओरडली.

घमेल्यात मोजून दोन वांगी होती. पुंडलिक बायांमध्ये उकिडवा बसून स्वतः चिरत होता. एक चिरलं, आत पाहिलं, दुसरं उचललं. पांढरंशुभ्र. आणखी एक. पांढरंशुभ्र. अळी सापडत नव्हती म्हणून त्याचा हात भरभर चालला होता. शेवटी त्यानं विळा खाली ठेवला.

"बाबूसिंग," तो म्हणाला, "कढई लहान पडते. पाटलाघरची मोठी आण."

पंगत बसली. ज्यानं भाजी पिकवली, जयकारा त्याचा, अशी आमच्याकडे रीत. आधी वडील द्यायचे, नंतर पुंडलिक. तो वाढता वाढता थांबला. "आज जयकारा भाऊ देईन."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी डोळे मिटून होता नव्हता तेवढा जोर लावला. "बोला, बजरंगबली की..."

"जय!" असा गजर उठला, की बाभळीवरची पाखरं भर्रकन उडाली.

"अरे बापा!" बाबूसिंग म्हणाला. "वाचनालयात एवढा आवाज दाबून ठेवला होता काय?"

पंगतभर हशा पिकला. मीही हसलो. पुंडलिक कढईतली पळी घेऊन माझ्यासमोर वाकला आणि न विचारता दोन वांगी वाढली.

"पुढच्या साली विहिरीपासून पार टोकाच्या धुऱ्यापर्यंत घे," तो म्हणाला. "अन् वेळेवर लाव."

मी जोरजोरात मान हलवली. तोंडात वांगं होतं.