लेकीच्या घरचं पाणी

"थंडीताप हाये. गोधडी टाका अंगावर," खुशालराव म्हणाले आणि पुन्हा पानाला चुना लावू लागले.

वैशाखातली भर दुपार. अंगणातल्या दगडावर पापड भाजावा असं ऊन होतं, आणि या घराला थंडी सुचली होती. ओसरीवरच्या बाजेवर आपले वडील नत्थुजी पडलेले पाहून शकुननं त्यांच्या कपाळाला हात लावला. तव्याला लागावा तसा चटका बसला, पण तिला भ्यायला झालं ते वेगळ्याच गोष्टीनं. कपाळ कोरडं होतं. पहाटेपासून चालत आलेल्या माणसाच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

"मामंजी, हा ताप नाई. ऊन लागलं बाबाले. घाम बंद झाला त्यायचा."

"तू वैदीन कवापासून झाली वं?" सासू मनकर्णाबाई म्हणाल्या आणि काढ्यासाठी सुंठ कुटायला बसल्या.

शकुनला हे शिकवलं होतं नत्थुजींनीच. त्यांच्या भाजीच्या मळ्यात उन्हानं एखादी बाई पडली की ते तिला सावलीत नेत, कपडे सैल करायला सांगत, अंग ओलं ठेवून वारा घालायला लावत. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी, नाहीतर कैरीचं पन्हं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही. दुसऱ्यांसाठी एवढं जाणणारा हा माणूस आखाजीच्या सणाला लेक माहेरी न्यायला निघाला, तुंब्यातलं पाणी वाटेतच संपवून बसला, आणि इथं पोचल्यावर समोरच्या तांब्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. व्याह्यानं स्वतःच्या हातानं तांब्या दिला तर मात्र तो नेम सुटत असे. खुशालरावांनी दिला नव्हता. अमरावतीच्या कोर्टात साहेबाशेजारी एकदा असेसर म्हणून, म्हणजे सल्ला देणारा पंच म्हणून, बसून आल्यापासून त्यांना लोकांच्या नेमधर्माची फार काळजी असे.

"तुमी आपल्या हातानं द्या ना, मामंजी," शकुन म्हणाली. "अजून समजते त्यायले. तुमी देल्लं तर घेतीन."

"इवाई नेमाचा मानूस हाये. त्याचा नेम मी काहून मोडू?"

बाजेवर नत्थुजी बरळू लागले. "वांग्याले पानी सोडलं का वं... बांध फुटून राहिला तिकडं..."

"मंग दमनी जुंपा," शकुन म्हणाली. "अंजनगावच्या दवाखान्यात नेतो."

आता खुशालराव दचकले. "या उन्हात? बैलायले ऊन लागन ना."

बैल गोठ्यात उभे होते. त्यांच्या पाठीवर ओली पोती होती, आणि ती वाळली की गडी पुन्हा भिजवून टाकत होता. म्हणजे ऊन लागणं म्हणजे काय हे त्या घराला नीट ठाऊक होतं. ते कोणाला लागू द्यायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

शकुन गोठ्यात गेली आणि दोन्ही पोती ओढून घेऊन आली. गोधडी तिनं अंगणात भिरकावली, वडिलांच्या बाराबंदीचे बंद सोडले, छातीवर आणि पायांवर पोती पसरली, आणि रांजणातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतू लागली.

"अवं, या घरचं पानी हाये ते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पिऊ नाई असा नेम हाये, आत्याबाई. आंग भिजवू नाई असं कोनी सांगलं?"

सूप घेऊन ती वारा घालत राहिली. उन्हं कलली तेव्हा नत्थुजींनी डोळे उघडले. लेकीला त्यांनी ओळखलं. "पानी," ते म्हणाले. शकुननं भांडं ओठांशी नेलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग मान वळवून खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव अंगणात पाहत होते. नत्थुजींनी ओठ मिटून घेतले.

त्यानंतर त्यांनी कोणालाच ओळखलं नाही. दिवेलागणीला घशात घरघर सुरू झाली, तशी मनकर्णाबाई लगबगीनं उठल्या आणि तुळशीचं पान घातलेली पाण्याची वाटी घेऊन आल्या.

"पाज, पोरी. आता चालते."

शकुननं हात पुढे केला नाही. तेव्हा खुशालरावांनीच वाटी घेतली, खाकरले, आणि आपल्या हातानं ती व्याह्याच्या तोंडाला लावली. पाणी मिटलेल्या ओठांच्या कडेनं खाली आलं, गळ्यावरून ओघळलं आणि बैलाच्या पोत्यात मुरलं. शकुननं पदरानं वडिलांची हनुवटी पुसली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.