हिरूची खोली

रुचितानं पुन्हा तेच बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. आता मधे कशाला हात लागायला नको.

पडद्यावर ब्राउझर आपला आपण उघडला. कोणी न लिहिता नाव उमटलं, हिरू ठोंबरे. कोंडाण्याचं फार्महाऊस, खोली एकच, वार शनिवार. बुक करा. आणि खाली लाल पट्टी आली: खोली शिल्लक नाही.

"सकाळी हिरवी होती, ताई. आईशप्पथ."

तनयाताई तिच्या पाठीमागं उभी होती. कर्जत स्टेशनाजवळ, मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत फार्महाऊस बुकिंगची वेबसाइट चालायची, ती हिची. वेबसाइट नीट चालते का हे माणसानं बसून बघायच्या ऐवजी कॉम्प्युटरनंच बघावं, म्हणून रुचिता आणि स्वप्नील त्याच्या टेस्ट लिहायचे. टेस्ट पास झाली की हिरवी, नाही झाली की लाल. दोघं महिन्याच्या बोलीवर होते. ठेवायचं होतं एकालाच.

"स्वप्नीलची रोज हिरवी असते," ताई म्हणाली. रागानं नाही म्हणाली, तेच जास्त लागलं. "शनिवारी ठरवू."

दहावी अर्ध्यात सोडल्यावर रुचिता साड्यांच्या दुकानात टिकली नाही, पार्लरमध्ये टिकली नाही. दोन्हीकडून भांडून निघाली. पोशीरला घरी आता कोणी विचारतसुद्धा नव्हतं. इथं मात्र तिला बसवत होतं. फक्त ही एक टेस्ट तिचं डोकं खात होती. सकाळी ती एकटी येऊन चालवायची तेव्हा हिरवी. मग मोहोपाड्यावरून बाईकवर स्वप्नील यायचा, सगळ्या टेस्ट एकत्र चालवायच्या, की हिची लाल. याची हिरवी. रोज तेच.

दुसऱ्या दिवशी तो दारात दिसताच ती उठली.

"तू माज्या टेस्टला हात लावतोस."

"हेल्मेट तरी काढू दे गं."

"तू आलास की लाल होते."

"मग नजर लागत आसंल माझी. लिंबू-मिरची बांध लॅपटॉपला."

"हसू नको रं."

तो हसायचा थांबला. खुर्ची ओढून बसला. "हे बघ. सगळ्या टेस्ट एकाच खोट्या फार्महाऊसवर चालतात. तू तुझ्या टेस्टला तिचं वेगळं फार्महाऊस दे. टेस्टच्या आधी मांडायचं, संपली की आवरायचं. फिक्स्चर म्हणतात त्याला."

"मला शिकवू नको. चोर कुठला."

शब्द तोंडातून गेला तो गेला. स्वप्नीलनं कानात इयरफोन घातले. रोज तो विचारायचा, आत्या पोचल्या का गं कोंडाण्याला? त्या दिवशी नाही विचारलं. हिरू ही रुचिताची आत्या. कोंडाण्याच्या एका फार्महाऊसवर खोल्या झाडायला जायची, पण पाहुणी म्हणून कधी गेली नव्हती. म्हणून रुचितानं टेस्टमध्ये तिलाच पाहुणी केली होती.

शनिवारी ती लवकर आली. टेस्ट चालवली. हिरवी. उगाच परत चालवली. लाल.

तिनं स्वप्नीलच्या खुर्चीकडं बघितलं. खुर्ची रिकामी. परत चालवली. लाल. खोलीत दुसरं तर कोणीच नाही, मग हात लावला कुणी? शेवटी वैतागून तिनं बुकिंगचं पान स्वतः उघडलं. खोलीत आहे तरी कोण?

हिरू ठोंबरे.

मघाचीच हिरू. ती गेलीच नव्हती. रात्री टेस्टचा सर्व्हर आपोआप सगळं पुसायचा, म्हणून सकाळची हिरू आत जायची. नंतर दिवसभर जी येईल तिला खोली नाही. पाहुणा निघाला की आत्या आधी चादरी काढायची, पहिल्याचा केससुद्धा दुसऱ्याला दिसू द्यायची नाही. रुचिताच्या टेस्टनं पाहुणी आत घातली होती, बाहेर कधी काढलीच नव्हती.

तिनं आधी मघाच्या हिरूचं बुकिंग पुसलं, मग बसून फिक्स्चर लिहिलं. तो म्हणाला होता तस्संच. टेस्टच्या आधी नवं फार्महाऊस, संपल्यावर सगळं साफ. मग सगळ्या टेस्ट एकत्र चालवल्या. हिची हिरवी. परत चालवल्या. हिरवी. ती एकटीच हसली.

मग खालची ओळ दिसली. स्वप्नीलची टेस्ट लाल.

त्याची टेस्ट बघायची की भरलेली खोली कॅलेंडरवर 'भरलेली' दिसते का. पण त्यानं स्वतः खोली कधी भरलीच नव्हती. इतके दिवस त्याला हिचीच हिरू दिसत होती.

जिन्यात पावलं वाजली. स्वप्नील, आणि मागोमाग तनयाताई.

त्यानं पडद्याकडं बघितलं. वाकून परत बघितलं. "काल हिरवी होती," तो म्हणाला. "ताई, खरंच, काल हिरवी होती."

असं तोंड होतं होय आपलं, रुचिताला वाटलं.

"तुझी झाली का नीट?" ताईनं तिला विचारलं.

"झाली."

"मग प्रश्नच मिटला."

रुचितानं पायानं स्वप्नीलची खुर्ची आपल्या शेजारी ओढली. "नाय मिटला. ह्याची टेस्ट माज्या टेस्टवर चालायची. आन् माजी ह्यानं सांगितलं तशी सुटली. धा मिन्टं द्या."

"ठेवायचंय एकालाच. लक्षात आहे ना?"

"हाय."

ताई घड्याळ बघून आतल्या खोलीत गेली. स्वप्नील हेल्मेट हातात धरून तसाच उभा होता. रुचितानं त्याची फाईल उघडली, फार्महाऊस मांडलं, खोली मांडली, शेवटी आवरायची ओळ लिहिली. पाहुण्याच्या नावापाशी आली आणि थांबली. कीबोर्ड त्याच्याकडं सरकवला.

"बस. नाव टाक. तुज्याकडचं कुणाचंबी," ती म्हणाली. "हिरू माजी हाय."